गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतोय? बुच मारण्याआधी हे तपासा

सोलापुरात गिझर वर्षातले जेमतेम चार-साडेचार महिने चालतो. होळी झाली की बंद, आणि पुन्हा बटण दाबलं जातं ते दिवाळीला, नरकचतुर्दशीच्या पहाटे. मधल्या काळात टाकीत तेच पाणी पडून असतं. ते बोअरचं असेल तर क्षारांनी भरलेलं असतं. व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि आतला रबर त्या पाण्यात बसून आखडतात. आणि पहिल्याच दिवशी घरातली पाच-सहा माणसं ओळीने अंघोळ करणार म्हणून गिझर दोन तास चालू राहतो. सेफ्टी व्हॉल्व्हची सगळ्यात जास्त गरज नेमकी तेव्हा असते, आणि तो अडकलेला सापडण्याची शक्यताही तेव्हाच जास्त. म्हणून खाली दिलेली तपासणी दिवाळीच्या आठवडाभर आधी करा.

हा लेख १० ते २५ लिटरच्या साठवणुकीच्या विजेवरच्या गिझरबद्दल आहे. छतावरच्या सोलरचा भाग पुढे वेगळा दिला आहे. गॅस गिझरचा धोका निराळाच, तो बंद न्हाणीघरात साचणाऱ्या विषारी वायूचा. तो इथे घेतलेला नाही.

हा व्हॉल्व्ह नेमकं काय करतो

गिझरच्या खाली दोन नळ्या दिसतात. निळ्या कॉलरची गार पाण्याची, लाल कॉलरची गरम पाण्याची. निळ्या नळीवर जो पितळी तुकडा बसवलेला असतो, तो मल्टी फंक्शन व्हॉल्व्ह. काही घरी त्याला नुसताच ‘एनआरव्ही’ (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी मागे न जाऊ देणारा) म्हणतात, पण त्यात दोन-तीन कामं एकत्र असतात. गरम पाणी मागे गार लाइनीत जाऊ न देणं, हे पहिलं. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बाजूच्या छोट्या तोंडातून पाणी बाहेर सोडणं, हे दुसरं. आणि टाकी रिकामी होताना आत पोकळी तयार झाली तर हवा आत घेणं, हे काही व्हॉल्व्हमध्ये तिसरं.

पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांवरून ७५ अंशांवर गेलं की त्याचं आकारमान सव्वादोन टक्क्यांच्या आसपास वाढतं. १५ लिटरच्या गिझरमध्ये हे साधारण ३४० मिलिलिटर होतात, २५ लिटरमध्ये साडेपाचशेच्या पुढे. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे ही वाढ कुठेतरी जायलाच हवी. मागे जायची वाट एनआरव्हीने बंद केली, नळ सगळे बंद, मग उरतो तो हाच व्हॉल्व्ह. तापताना त्यातून थेंब पडणं हा बिघाड नाही, ते त्याचं काम आहे.

ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटला तर प्रकरण गंभीर होतं. २ किलोवॅटचा एलिमेंट १५ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर चाळीसेक मिनिटांत नेतो. बंद टाकीत दाबाखाली पाणी १०० ला उकळत नाही, तापतच राहतं. पुढच्या तितक्याच वेळात ते १७० अंशांपर्यंत पोहोचू शकतं. त्या तापमानाला टाकी फाटली तर दाब एकदम सुटतो आणि आतल्या पाण्याचा सुमारे आठवा हिस्सा क्षणात वाफ होतो. १५ लिटरच्या टाकीतून अशी जवळपास ३,००० लिटर वाफ निघते. चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंच न्हाणीघर म्हणजे सगळं मिळून साडेपाच हजार लिटरांच्या आत. अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतल्या बॉयलरवर सरकारी निरीक्षकाची नजर असते. घरातल्या गिझरकडे बघायला घरातल्यांशिवाय कोणी नाही.

गिझरमध्ये थर्मोस्टॅटनंतर, तो चुकला तर वीज तोडणारा कटआउटही असतो, जुन्या काही मॉडेलमध्ये तर फ्यूज प्लगही. कुकरच्या झाकणावरच्या सेफ्टी प्लगसारखाच तो जास्त उष्णतेने वितळतो आणि वाट करून देतो. फ्यूज प्लग गळायला लागला म्हणून त्या जागी साधा पितळी स्क्रू पिळून देणारे मेकॅनिक आहेत. तसं कधीही करू देऊ नका. एक गोष्ट ध्यानात ठेवा: आपल्याकडच्या बहुतेक घरगुती गिझरवर येणारा व्हॉल्व्ह दाबावर उघडतो, तापमानावर नाही. त्यामुळे थर्मोस्टॅट, कटआउट आणि व्हॉल्व्ह हे तिघे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

सोलापूरच्या घरात दाब येतो कुठून

उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, म्हणून जवळपास प्रत्येक घरात खाली हौद आणि गच्चीवर टाकी असते. गच्चीवरच्या टाकीचा दाब फार नसतो. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार. टाकी गच्चीवर आणि गिझर लगेच खालच्या मजल्यावर असेल तर ०.३ ते ०.५ बार; दोन-तीन मजली घराच्या तळमजल्यावर फार तर १ बार. या दाबाला चांगला व्हॉल्व्ह कधीच स्वतःहून उघडणार नाही.

पण गिझर तापताना तर थेंब पडायलाच हवेत. मग कित्येक घरांत आठ-दहा वर्षं व्हॉल्व्ह एकदाही ठिबकलेला नसतो, तो का? बहुतेक वेळा एनआरव्हीची पाकळी, म्हणजे पाणी मागे अडवणारी आतली झडप, क्षाराने अर्धवट उघडी राहिलेली असते, किंवा ‘पाणी बारीक येतं’ म्हणून कोणीतरी ती आधीच काढून टाकलेली असते. फुगलेलं पाणी मुकाट्याने मागे गच्चीवरच्या टाकीकडे जातं. पुढे कधीतरी शॉवरला जोर यावा म्हणून प्रेशर पंप बसतो. पंपाबरोबर त्याचा स्वतःचा एनआरव्हीही येतो. मागची वाट बंद झाली, आणि दुसऱ्याच दिवशी गिझर ठिबकायला लागतो. दोष व्हॉल्व्हवर जातो, बुच बसतं, आणि टाकी खरोखर बंदिस्त होते. गिझरच्या बाबतीत घडणाऱ्या चुकांपैकी आमच्या मते ही सगळ्यात घातक.

घरगुती प्रेशर पंपाचा दाब बहुधा दीड ते तीन बारच्या दरम्यान असतो. गिझरच्या पाटीवर त्याचा कमाल दाब छापलेला असतो, साधारण ६.५ किंवा ८ बार. काही ठिकाणी तो मेगापास्कलमध्ये असतो, ०.८ मेगापास्कल म्हणजे ८ बार. व्हॉल्व्ह त्याच आकड्याशी जुळणारा हवा. थंड देशांत घर गरम करण्याच्या बंदिस्त लाइनीवर ३ बारचा व्हॉल्व्ह बसवतात. तो व्हिडिओत पाहून इथे गिझरला लावला तर पंप चालू असताना तो सतत गळत राहील.

दाब मोजणं अवघड नाही. ० ते १० बारचा गेज आणि नळाला बसणारा जोड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. वॉशिंग मशीनच्या नळाला तो लावा, घरातले बाकी सगळे नळ बंद करा, पंप चालू होऊन आपोआप थांबेपर्यंत थांबा आणि काटा वाचा. पंप थांबल्यावरचा आकडा महत्त्वाचा. तो गिझरच्या पाटीवरच्या दाबाच्या निम्म्याच्या आत असेल तर निश्चिंत राहा. चार-पाच बार दिसत असेल तर पंपाची सेटिंग कमी करा किंवा लाइनीवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा.

ठिबकणं कसं वाचायचं

व्हॉल्व्हच्या छोट्या तोंडाखाली एक मग ठेवा. दोन दिवस लक्ष द्या. कधी पडतं, किती पडतं आणि किती गरम असतं, एवढंच पाहायचं.

फक्त गिझर तापताना थेंब पडतात आणि दिवा विझला की थोड्या वेळात थांबतात, १५ लिटरच्या गिझरला एका तापवणुकीत मगात दोनशे-तीनशे मिलिलिटर जमतं: सगळं ठीक. काही करू नका, फक्त नळी मोरीच्या जाळीपर्यंत न्या.

गिझर बंद, पाणी गार, तरी रात्रंदिवस थेंब: बैठकीत, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो तिथे, कचरा किंवा क्षाराचा कण अडकलाय, नाहीतर रबर गेलाय. टाकी नुकतीच धुतली असेल किंवा टँकरचं पाणी भरलं असेल तर पहिलं कारण जास्त संभवतं. खालच्या पद्धतीने दोन-तीनदा धुऊन पाहा. फक्त पंप चालू असतानाच पडत असेल तर दाब मोजा.

१५ लिटरच्या गिझरला एका तापवणुकीत अर्ध्या लिटरहून जास्त पडतं, किंवा पाणी हाताला चटका देण्याइतकं गरम आहे: इथे थर्मोस्टॅटचा संशय घ्या. हा व्हॉल्व्ह गार पाण्याच्या नळीवर असतो, तिथून सहसा कोमट पाणी येतं. कढत येत असेल तर टाकीत तळापर्यंत जास्त ताप गेलेला आहे. गिझर बंद करा आणि मेकॅनिक येईपर्यंत वापरू नका.

आणि कधीच थेंब पडत नाही? मग पाकळी गेलेली असू शकते, किंवा व्हॉल्व्ह पुरता जाम. पाकळीची परीक्षा सोपी आहे: गिझर तापवून बंद करा, गच्चीवरचा कॉक बंद करा, पंपही बंद ठेवा, आणि गिझरपेक्षा खालच्या पातळीवरचा त्याच लाइनीचा गार पाण्याचा नळ उघडा. थोड्या वेळाने त्यातून कोमट-गरम पाणी आलं तर पाकळी पाणी मागे सोडतेय. परीक्षा संपल्यावर गिझर तसाच चालू करू नका; मागे गेलेल्या पाण्यामुळे टाकी अर्धी रिकामी असते. आधी कॉक उघडा, गरम नळातून धार अखंड होऊ द्या, मगच बटण.

तपासणी, पायरीपायरीने

पाणी गार असताना करा, म्हणजे आदल्या रात्रीपासून गिझर बंद ठेवून सकाळी.

१. बटण बंद करून भागत नाही, गिझरचा एमसीबी (वीजपेटीतला स्विच) खाली पाडा. २ किलोवॅटचा गिझर साडेआठ ते नऊ अँपियर ओढतो; त्याला १६ अँपियरचा स्वतंत्र एमसीबी, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असावा. नसेल तर व्हॉल्व्हच्या आधी ते काम काढा.

२. गच्चीवरची टाकी किमान अर्धी भरलेली आहे ना, पाहा. गरम पाण्याचा नळ उघडून धार अखंड येते का तपासा. धारेत हवा फुरफुरत असेल तर गिझर पूर्ण भरलेला नाही.

३. व्हॉल्व्हच्या तोंडाला लावलेली नळी सरळ बादलीत सोडा. चेहरा आणि हात तोंडासमोर नकोत.

४. व्हॉल्व्हवर छोटी तरफ असेल तर ती बोटाने उचला. पाणी लगेच, जोराने यायला हवं. तीन-चार सेकंद वाहू द्या, सोडून द्या. धार दोन-तीन सेकंदांत थांबली पाहिजे.

५. सोडल्यावर थेंब राहिले तर पुन्हा उचला, थोडं जास्त वाहू द्या, झटक्यात सोडा. असं तीनदा. बैठकीतला कण बहुधा निघून जातो. तरीही गळत राहिला तर व्हॉल्व्ह बदला.

६. तरफ उचलली आणि पाणीच आलं नाही, किंवा तरफ हलतच नाही: पक्कडने ओढू नका, हातोडीने ठोकू नका. तो व्हॉल्व्ह संपला. बदलेपर्यंत गिझर चालू करायचा नाही.

काही व्हॉल्व्हला तरफ नसतेच. त्यांची परीक्षा घरी घेता येत नाही. बोअरच्या पाण्यावर असे दर दोन वर्षांनी बदलून टाका. तरफवाला मात्र हिवाळ्यात महिन्यातून एकदा उचलून सोडा. असं हलत राहिल्याने तो जाम होत नाही.

व्हॉल्व्ह बदलताना

नवा व्हॉल्व्ह काही शे रुपयांत येतो. जुना व्हिनेगरमध्ये भिजवून परत लावण्याचा सल्ला बरेच देतात. क्षार निघतो हे खरं, पण स्प्रिंगला धरलेला गंज आणि दबून गेलेला रबर तसाच राहतो. आम्ही तो मार्ग सुचवत नाही. दुकानात जाताना गिझरच्या पाटीचा फोटो काढून न्या: दाबाचा आकडा आणि मॉडेल दोन्ही दिसले पाहिजेत. शक्यतो त्याच कंपनीचा घ्या. प्लास्टिकच्या आट्यांचा स्वस्त तुकडा नको.

सामान: दोन स्क्रू पाने, टेफ्लॉन टेप, वॉशरसह नवा कनेक्शन पाइप, बादली, बॅटरी.

एमसीबी पाडा, गिझरच्या आधीचा अँगल कॉक बंद करा आणि गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा, म्हणजे रिकामा होताना हवा आत जाईल. कनेक्शन पाइप सोडवून बादली धरा आणि पाणी निघू द्या. व्हॉल्व्हची पाकळी अडवत असेल तर तरफ उचलून धरा. १५ लिटर उतरायला वेळ लागतो, घाई नको.

आता खरा नाजूक भाग. गिझरची निळी नळी आत टाकीला जोडलेली असते. व्हॉल्व्ह पिळताना नळीच फिरली तर आतला जोड किंवा टाकीचा काचेचा थर तडकतो, आणि मग गिझरच भंगारात. म्हणून एका पान्ह्याने नळी घट्ट धरा, दुसऱ्याने व्हॉल्व्ह उलटा फिरवा. खूपच जाम असेल तर प्लंबरला बोलवा. हे काम अंगमेहनतीचं नाही.

नळीच्या आट्या जुन्या टेपपासून स्वच्छ करा. नवी टेप आट्यांच्या दिशेने आठ-दहा फेरे, पहिली आटी मोकळी सोडून, म्हणजे टेपचा तुकडा आत जाऊन पाकळीत अडकणार नाही. व्हॉल्व्हवर कोरलेला बाण गिझरच्या दिशेने असला पाहिजे. आधी हाताने पूर्ण बसवा, मग पान्ह्याने पाऊण ते एक फेरा. छोटं तोंड खाली किंवा बाजूला, भिंतीकडे नाही. अँगल कॉक हळूहळू उघडा, गरम नळातून हवा जाऊन धार अखंड होईपर्यंत थांबा, नळ बंद करा. जोडावर कोरडा कागद फिरवा. ओला झाला नाही तरच एमसीबी वर करा. मार्करने व्हॉल्व्हवर महिना-वर्ष लिहून ठेवा.

जोडणीत हमखास दिसणाऱ्या चुका

व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्या मध्ये कॉक. कॉक बंद राहिला की व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. कॉक नेहमी व्हॉल्व्हच्या आधी, पाणी येण्याच्या बाजूला.

छोट्या तोंडाची नळी सांडपाण्याच्या पाइपात पक्की चिकटवलेली. दिसायला छान, पण ठिबकतंय की धो धो वाहतंय हे कधीच कळत नाही, आणि पाइप तुंबला तर व्हॉल्व्ह उघडूनही पाणी जाणार नाही. नळीचं टोक मोकळं, जमिनीपासून वीतभर वर, मोरीच्या जाळीकडे, उभ्या माणसाकडे नाही. उतार सलग हवा, मध्ये वळसा नको. नळी गरम पाण्याची हवी. पांढरा साधा पीव्हीसी ६० अंशांच्या पुढे मऊ पडतो.

फॉल्स सीलिंगच्या वर किंवा माळ्यावर लपवलेला गिझर. थेंब सीलिंगमध्ये मुरतात, म्हणून कोणीतरी एक दिवस तोंडात खिळा घालतो. जागा बदलता येत नसेल तर किमान नळी खाली दिसेल अशी काढा.

टाकी रिकामी असताना गिझर चालू. पाण्याचा दिवस लांबला, गच्चीवरची टाकी संपली, खालच्या मजल्यावर कोणी नळ उघडला आणि पाकळी फुटकी असली की गिझरमधलं पाणी खाली ओढलं जातं. कोरडा एलिमेंट काही मिनिटांत जळतो. म्हणून टाकी भरल्यावर आधी गरम नळ उघडायचा, अखंड धार पाहायची, मग बटण.

छतावर सोलर असेल तर

आपल्याकडे बसवलेले काचनळ्यांचे बहुतेक सोलर उघड्या प्रकारचे असतात: टाकीच्या डोक्यावर एक उभी नळी असते, तिचं तोंड गार पाण्याच्या टाकीच्या पातळीपेक्षा वर आणि कायम उघडं. सेफ्टी व्हॉल्व्हचं काम तीच करते. चिमण्या-कबुतरं शिरतात म्हणून तिला टोपी घालू नका, वाकवून बंद करू नका, जाळी चालेल. मे महिन्यात घर बंद ठेवून गावाला गेलात तर आतलं पाणी उकळीला येऊ शकतं, ती वाफ याच नळीने जाते.

अशा सोलरला प्रेशर पंपाचं पाणी थेट जोडायचं नाही. टाकी आणि नळ्यांमधल्या रबरी रिंगा तो दाब सहन करत नाहीत. पंप हवाच असेल तर दाबाचा सोलर वेगळा मिळतो, त्याला दाब आणि तापमान दोन्हींवर उघडणारा व्हॉल्व्ह लागतो.

सोलरच्या पुढे गिझर जोडला असेल तर त्याच्या निळ्या नळीत ७०-८० अंशांचं पाणी शिरतं. साध्या व्हॉल्व्हमधली प्लास्टिकची पाकळी त्यात लवकर वाकते. गिझर सोलरच्या पाण्याला चालतो का, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहूनच जोडा.

वाफ यायला लागली तर

दिवा विझतच नाही, टाकीतून घोंघावण्याचा आवाज येतोय, नळातून पाण्याबरोबर वाफ फुसकारतेय, व्हॉल्व्हमधून कढत पाणी सुटलंय. यांतलं काहीही दिसलं की न्हाणीघरातून सगळ्यांना बाहेर काढा आणि वीज बाहेरच्या एमसीबीवरून तोडा. ओल्या हाताने आतलं बटण दाबायला जाऊ नका. गरम नळ उघडू नका, आतलं पाणी बाहेर येताच वाफ होऊन अंगावर येतं. व्हॉल्व्हला हात लावू नका, तो वाहत असेल तर वाहू द्या. गार पाण्याचा कॉक आहे तसाच राहू द्या. दार लावून किमान तीन तास थांबा.

मेकॅनिक आला की नुसता थर्मोस्टॅट बदलून घेऊ नका. कटआउट का पडला नाही हे त्याला तपासायला सांगा, तो आणि व्हॉल्व्ह दोन्ही नवे घाला. टाकी फुगलेली दिसली किंवा शिवणीजवळ ओल असली तर तो गिझर पुन्हा जोडायचा नाही.